चार महिन्यांचं काम

मराठी चित्रपटाला करमणूक कर परत द्यायचं सरकारनं ठरवलं, तेव्हा आमच्या मंडळाला वाटलं, आता आपली पाळी. मंडळ म्हणजे आम्ही सात-आठ जण, कॉलेजात जाणारे आणि कॉलेज सोडलेले. मागणी एकच होती. तिकिटावर कर भरतो सोलापूरचा गिरणी कामगार, मग तो परत घेणाऱ्यानं चित्रपट इथं येऊन काढावा. पत्रकं मी लिहायचे.

आणि खरंच मुंबईहून एक निर्माता सोलापूरबाहेर कुंभारीजवळ शूटिंगला आला. त्याचा मॅनेजर आम्हाला म्हणाला, "जमावाचे सीन भरपूर आहेत. चार महिने माणसं लागतील." लेखी मागावं हे कुणाला सुचलं नाही. मी पत्रक लिहिलं. 'चार महिने काम' हे शब्द जाड टायपात घेतले.

माझा मोठा भाऊ गिरणीत बदली होता. कायमचा माणूस गैरहजर असेल तरच बदलीला काम. भोंग्याआधी पास घेऊन फाटकाशी उभं राहायचं. जॉबर, म्हणजे खात्यावरचा मुकादम, यादीतली नावं वरून पुकारतो. जागा भरल्या की उरलेले घरी. कायमची जागा निघाली तर तीही याच क्रमानं. लागोपाठ दांड्या झाल्या तर नाव तळाला. पाच वर्षं उभा राहून दादा यादीत दुसरा आला होता. वहिनीला दिवस गेले होते.

दादानं पत्रक उभ्यानंच वाचलं. "चार महिने? खरं हाय का, तायडे?"

"छापलंय की."

वहिनी म्हणाली, "दुसरा नंबर हाय त्यांचा."

"दुसरा नंबर खाता येत नाही, वहिनी. गिरणी याला पाच वर्षं फाटकावर उभं करते, आणि यानं तिला इमान दाखवायचं?" हे मी म्हणाले. सभेत बोलतात तशी.

दादा अकरा दिवस शूटिंगला गेला. एकदा हसत घरी आला. "आज तीनदा मेलो. तिसऱ्या खेपेला मिशी निघाली. म्हनाले, परत मर."

बाराव्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेले, तर दिवे ट्रकात चढवत होते. मॅनेजर शांतपणे म्हणाला, "पिक्चर आता कानडीत निघणार. तुमच्याकडचा कर परत मिळतो तो पिक्चर चालला तर, तोही पुढच्या पिक्चरसाठी. तिकडे कर्नाटकात चालो न चालो, सबसिडी आहे. पण शूटिंग त्यांच्या हद्दीत हवं."

हद्द तिथून एका एसटीच्या अंतरावर. माती तीच, ज्वारी तीच.

"मला कानडी येतं की, साहेब," दादा म्हणाला. "आमी घरातबी बोलतो."

"तिकडे तिकडची माणसं मिळतात रे."

मी चार महिन्यांचं विचारलं. तो म्हणाला, "मी तोंडी बोललो होतो. छापलंत तुम्ही."

दुसऱ्या सकाळी फाटकावर जॉबरनं हाक मारली, "या, हिरो! मागं उभं ऱ्हावा." माणसं हसली. दादाही थोडा हसला. महिन्याच्या आत कायमच्या दोन जागा रिकाम्या झाल्या. एक पहिल्या नंबरवाल्याला गेली आणि दुसरी, दादाची, तिसऱ्या नंबरवाल्याला मिळाली. हा तिसरा आमच्या घरी पेढे घेऊन आला. दादानं एक खाल्ला. वहिनीनं उरलेले डब्यात ठेवले आणि डब्याचं झाकण बराच वेळ दाबून धरलं.

मंडळाला नवं पत्रक हवं होतं, सबसिडीसाठी भाषा बदलणाऱ्यांच्या विरोधात. मी तासाभरात लिहून दिलं. मजकूर जहाल होता, आणि मुद्दा आजही मला बरोबर वाटतो. सगळे म्हणाले, पेटवलंस. मला काहीच होत नव्हतं. दुसऱ्याच्या पाकिटावर पत्ता घालावा तसं ते लिहून झालं.

मला वाटत होतं, दादानं एकदा ओरडावं. मी विचारलंही, "राग आलाय का?"

"कशाचा? तू लिहिलंस, मी वाचलं."

पुढं अकलूजकडच्या साखर कारखान्यात हंगामी माणसं घेणार म्हणून एक जाहिरात आली. दादा तो कागद घेऊन माझ्यासमोर बसला. हंगामभर काम, राहायला खोली, असं त्यात होतं. वहिनी चुलीपाशी हात थांबवून ऐकत होती.

"तू या छापण्यातली हायेस," तो म्हणाला. "हे खरं असंल का?"

मी कागद दोनदा वाचला.

"माहीत नाही, दादा."

त्यानं मान हलवली आणि वहिनीला वळकटी बांधायला सांगितली.