मोकळ्या हवेतलं शून्य

वामन गेल्याचा फोन आला तेव्हा मी बॉयलरच्या तोंडाशी उभा होतो. पंख्याच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून बाहेर कडुलिंबाखाली आलो. फोनवर त्याचा धाकटा भाऊ गुणवंत होता. "शंकरभाऊ, दादा गेला... आंघोळीले गेला होता, आतच पडला. अटॅक आला." मी पुढे काही विचारलं नाही. अटॅक हा शब्द मोठा सोयीचा आहे. तो एकदा उच्चारला की सगळे प्रश्न मिटतात आणि माणसं आपापली चप्पल शोधायला लागतात. मीही शोधली. त्या कडुलिंबाला वामनने स्वतःच्या हाताने एक खिळा ठोकलेला होता, त्याचं मशीन अडकवायला. खिळा रिकामा होता आणि कोणीतरी त्यावर घामाचा टॉवेल वाळत घातला होता. तो टॉवेल मी ओढून खाली फेकला आणि गाडी काढली.

तुमसरच्या ज्या मिलमध्ये मी बॉयलर सांभाळतो, तिथे धान उकडून तांदूळ काढतात. बॉयलर चालतो धानाच्याच भुशावर. भुसा नीट जळतो की अर्धामुर्धा जळून चिमणीतून वाया जातो, हे मोजायचं वामनचं काम. टिफिनच्या डब्याएवढं मशीन, त्याला रबरी नळी आणि नळीच्या टोकाला लोखंडी सळई. धुराच्या नळकांड्याला भोक असतं, त्यात सळई घालायची. मशीन आतला धूर ओढून घेतं आणि त्यात ऑक्सिजन किती, कार्बन मोनॉक्साइड किती, धूर किती गरम, ते आकड्यांत दाखवतं. मग कुठली झडप उघडायची, पंखा किती ठेवायचा, हे तो सांगायचा. या धंद्यावर तो जवाहरनगरपासून बपेऱ्यापर्यंत आणि तिथून पलीकडे मध्य प्रदेशातही फिरायचा. कौतुक कोणी करत नसे. आकडा चांगला आला तर बॉयलर चांगला आणि वाईट आला तर मशीन बिघडलेलं, असा मिलवाल्यांचा साधा हिशोब. त्या मिलवाल्यांत मीही आलोच.

पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याची भरपूर खेचली होती. तो आला, बॉयलरकडे ढुंकूनही न पाहता बाहेर गेला आणि मशीन हातात धरून झाडाखाली उभा राहिला. म्हटलं, साहेब फोटो काढायला आले वाटतं. "काहून बे, आत येऊन चालू कर ना. बॉयलर इकडे हाय." तो जागचा हलला नाही. म्हणाला, "हे मशीन चालू झालं का पयले आजूबाजूची हवा ओढते. ज्या हवेत चालू करशीन, तिलेच शून्य मानते. तुया बॉयलरपाशी चालू केलं तं धुरालेच चांगली हवा समजन. मंग दिवसभर खोटं बोलन." मी म्हटलं, म्हणजे आमच्या मालकासारखं. तो हसला, आणि आमची दोस्ती तिथे झाली. पुढच्या खेपेला त्याने येताना खिळा आणि हातोडी आणली.

मशीनचे लाड तो पोटच्या पोरासारखे करायचा. आम्हाला जेवायची घाई असायची आणि हा आपला नळीतलं पाणी झटकत बसायचा. धूर थंड झाला की त्यातलं पाणी सुटतं, ते एका छोट्या कुपीत साचतं. ती कुपी रिकामी केल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे. गाळणीतला कापूस काळा झाला की बदलायचा, गरम सळई निवेपर्यंत कोणाला हात लावू द्यायचा नाही. आणि सगळ्यात शेवटी पुन्हा झाडाखाली. पोटातला धूर निघून आकडा शून्यावर येईपर्यंत ते चालूच ठेवायचं, मगच बंद. "धूर पोटात ठेवून बंद केलं तं आतलं सेन्सर मरते," असं तो म्हणायचा. तेवढा वेळ तो झाडाखाली उभा राहायचा आणि आमची भाजी गार व्हायची.

या माणसाला लग्नात नेणं म्हणजे शिक्षा होती. मांडवात शिरला की आधी आचाऱ्याकडे जायचा, शेगडी बंद खोलीत आहे का पाहायचा, खिडक्या उघडायला लावायचा. एकदा थंडीत माझ्याच घरी आम्ही कोळशाची शेगडी खोलीत घेऊन बसलो होतो, तर याने ती उचलून अंगणात नेऊन ठेवली आणि म्हणाला, "कोळसा अर्धा जळला का कार्बन मोनॉक्साइड निघते. त्या जहराले वास नसते, शंकर. म्हणून तं मशीन लागते." माझ्या बायकोने त्याला चहा दिला नाही. मला वाटतं, गावभर लोकांनी त्याला असंच थोडं थोडं टाळलं. आणि त्याच्या स्वतःच्या घरात तर मशीनला प्रवेशच नव्हता. नळीतून भुशाची राख झडायची, वहिनी वैतागायच्या. मशीनची पिशवी बाहेर ओसरीच्या खुंटीला. ओसरीच्या भिंतीपलीकडे बाथरूम.

ते बाथरूम गुणवंतने दिवाळीनंतर नवीन करून घेतलं. म्हाताऱ्या मायला चुलीवरून बादली उचलायला लागू नये म्हणून गॅस गिझर बसवला. मनापासून केलं त्याने, हे मी आधीच लिहून ठेवतो. वामनने आल्या आल्या भांडण करून सिलिंडर बाहेर ठेवायला लावलं आणि वरचा झरोका उघडा ठेवायला लावला. गिझरही मुळात बाहेरच हलवायचा होता, पण मिस्त्री मिळत नव्हता, मग हंगाम सुरू झाला... मायची तक्रार होती की झरोक्यातून थंडी येते. मी त्या दिवशी तिथेच होतो. वामन तिला म्हणाला, "थंडी येऊ दे माय, पर थे बंद करू नोको." सगळे हसले. मग तो आठ-दहा दिवसांसाठी बपेऱ्याकडच्या मिलांवर गेला आणि परत आला त्या सकाळी, डोक्यात, कानात, पापण्यांत राख घेऊन. घरचे बाकीचे दोन तांब्यांत उरकायचे, पण अशी राख तेवढ्यात जात नाही. त्याला आंघोळीला नेहमीच फार वेळ लागायचा.

मी पोचलो तेव्हा त्याला ओसरीत ठेवलं होतं. चेहरा गुलाबी होता. आयुष्यभर आम्ही दोघेही धुराने काळवंडलेले आणि त्या दिवशी त्याचे गाल एखाद्या लहान पोरासारखे दिसत होते. बाया म्हणत होत्या, पुण्यवान माणूस, चेहऱ्यावर तेज आहे पाहा. दवाखान्यात नेलं तेव्हा तो गेलेलाच होता, आणि चिरफाड नको म्हणून नातेवाइकांनी हात जोडले होते. सगळ्यांना घाई होती. दिवस लहान, पाव्हणे लांबून आलेले. आम्ही त्याला नेलं आणि पोचवून आलो.

परत आलो तेव्हा घरात आंघोळी चालू होत्या. पूर्वी अशा वेळी लोक तलावावर जायचे, आता घरोघर गरम पाणी आहे. त्यात कडाक्याची थंडी. बाया एकीमागून एक बाथरूममध्ये जात होत्या, दार लावत होत्या, बाहेर येत होत्या. वहिनींची मोठी बहीण बाहेर आली आणि पायरीवर मटकन बसली. म्हणाली, डोकं गरगरून राहिलं. कोणीतरी तिला पाणी दिलं, कोणी म्हणालं, दुःखानं होते असं. तिच्या आधी गेलेली एक जण भिंतीला डोकं टेकून उलटी आवरत होती. तिलाही दुःखानेच होत होतं. मी समोरच उभा होतो आणि वहिनी आत गेल्या, कडी लागल्याचा आवाज आला. तेव्हा कुठे मला ते गुलाबी गाल आठवले. त्या बिनवासाच्या वायूने गेलेला माणूस असाच गुलाबी दिसतो, हे वामननेच कधीतरी सांगितलं होतं.

मी दारावर धडका मारायला लागलो. नवरा जाऊन अर्धा दिवसही झाला नव्हता अशा बाईच्या न्हाणीघरावर परका पुरुष दणादण हात मारतो आहे, हे त्या अंगणाने पाहिलं. कोणी म्हणालं, पिऊन आला. गुणवंतने माझी कॉलर धरली. "लाज वाटते का, शंकरभाऊ?" मी त्याला ढकलून मागच्या बाजूला गेलो आणि सिलिंडरचं बटण बंद केलं. आतून पाणी थंड आल्याचा वहिनींचा आवाज आला. म्हटलं, "वहिनी, पयले दार उघडा, मंग मले काय शिव्या द्यायच्या थ्या द्या." त्या कसंतरी लुगडं गुंडाळून बाहेर आल्या आणि दारातच खाली बसल्या. मी वर पाहिलं. झरोका दिसेना. त्याच्या जागी पांढरा रंग दिलेली प्लाय होती, भिंतीत भिंत होऊन गेलेली.

"हे कोणं लावलं?" गुणवंत म्हणाला, "म्या. मायले थंडी वाजत होती. दादा गावाले गेल्यावर लावलं." मग एकदम चिडून, "तुमाले काय म्हणायचं हाय? सिद्ध करा."

मी खुंटीवरून पिशवी काढली. मशीन कसं लावायचं, एवढं मी पाहून पाहून शिकलो होतो, तेही वामनकडून. मशीन घेऊन रस्त्यावर गेलो, चालू केलं आणि ते मोकळी हवा ओढेपर्यंत उभा राहिलो. गुणवंत मागोमाग आला, म्हणाला, आता लावा ना लवकर. शून्य लागल्यावर परत आलो, गिझर चालू केला, पाणी सोडलं, सळई आत ठेवून नळी दाराच्या फटीतून बाहेर घेतली आणि दार ओढलं. आम्ही दोघं आकड्याकडे पाहत होतो. आधी तो थांबलेला होता, मग चढायला लागला, आणि नंतर थांबेच ना. मशीन ओरडायला लागलं. माय आतल्या खोलीत बसली होती, तिला कमी ऐकू येतं. तिने विचारलं, "काय वाजून राहिलं गा?" गुणवंत म्हणाला, "दादाचा फोन वाजते, माय." "मंग उचल ना. वामनचं काम असन कोणाले."

मी गॅस बंद केला आणि मशीन घेऊन पुन्हा रस्त्यावर आलो. ते चालू ठेवून उभा राहिलो, कारण धूर पोटात ठेवून बंद करायचं नसतं. मागे प्लाय उचकटल्याचा आवाज येत होता. गुणवंत ती हाताने उचकटत होता, पेचकस घ्यायचंही त्याला सुचलं नव्हतं. आकडा शून्यावर यायला फार वेळ लागला.

वामनला ती प्लाय दिसली नसेल का, हे मला कळलेलं नाही आणि आता कळणारही नाही. साऱ्या जिल्ह्याच्या चिमण्यांना नाक लावणारा माणूस स्वतःच्या बाथरूममध्ये वर पाहत नाही? की पाहिलं, आणि म्हटलं, एवढी एक आंघोळ होऊ दे, मग पाहू? मला त्याचा राग येतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावलेलो आहे. शोकसभेत लोकांनी त्याला सचोटीचा, अभ्यासू वगैरे म्हटलं. खिडक्या उघडायला लावतो म्हणून जे त्याला टाळायचे त्यांनी म्हटलं. एकानेही घरी जाऊन स्वतःचा गिझर पाहिला असेल असं मला वाटत नाही. देवाची मर्जी, असं म्हणून सगळे गरम पाण्याने आंघोळ करायला गेले.

हे सगळं छापायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण मागच्या आठवड्यात गुणवंत मिलमध्ये आला. त्या दिवसानंतर आम्ही बोललो नव्हतो. खूप वाळला आहे. कडुलिंबाखाली बसला आणि म्हणाला, "लिवा भाऊ. माया नावासकट लिवा. कोणाच्या तरी घरची प्लाय निघन." मी विचारलं, आणि माय? "मायले वाचता येत नाही. अन् वाचून दाखवन कोण?" एवढं बोलून तो गेला. तेव्हा वाचणाऱ्यांनी माझ्या मित्राबद्दल हळहळायच्या आधी उठावं आणि आपल्या बाथरूमचा झरोका पाहून यावा.

मशीन आता माझ्याकडे आहे. वहिनींनीच पिशवी हातात दिली, "घेऊन जा भाऊजी, मले पायवत नाही." कुपी मी रिकामी करतो, कापूस बदलतो, सळई पुसून ठेवतो. खिळ्यावर आता कोणी टॉवेल घालत नाही, मी शिव्या देतो. परवा त्यांच्या घरी गेलो होतो. बाथरूमच्या भिंतीवर गिझरच्या स्क्रूची भोकं तेवढी उरली आहेत. मागच्या अंगणात पुन्हा चूल पेटते आणि वहिनी बादली उचलून आणतात. मायला सांगितलं आहे की गिझर बिघडला म्हणून काढला. ती मला म्हणाली, "तुमच्यानं कोणाच्यानं नाही होत, शंकर. वामन असता तं दोन दिवसांत सुधरवला असता." मी मान हलवली. मग ती गुणवंतकडे वळली. तो दारात बसून तांदूळ निवडत होता... बहुधा हाताला काम हवं म्हणून. "अन् गुणवंता, तो झरोका उघडाच हाय. थंडी येऊन राहिली आत. काहीतरी लाव ना बापा, मांग लावलं होतं तसं."