माझ्या बाकावरच्या कुंड्या उतरव

कुंड्या ठेवल्यात त्याच्यावर... कुंड्या! सचिन, आपल्या ग्रुपवर तुझा फोटो पाहिला मी. तुळस, जास्वंद, कोरफड, वर 'आमचा गार्डन कॉर्नर' लिहून बदाम टाकलेत. सगळ्यांनी लाईक केलंय, पण कुंड्यांच्या खाली काय आहे ते एकानं तरी विचारलं का?

तो माझा सुतारकामाचा बाक आहे. तुझे वडील, म्हणजे माझे थोरले दीर, कळवणचं घर बांधताना आठ दिवसांसाठी म्हणून घेऊन गेले. चौकटी झाल्या, वास्तुशांत झाली, बाक काही परत आला नाही.

ते होते तोवर मी गप्प बसले. थोरल्या दिरांपुढं तोंड उघडायची आमच्यात पद्धत नव्हती. आता ते नाहीत, आणि तू मला लहान आहेस... तुला बोलणार.

बाकीच्यांना कळावं म्हणून सांगते. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट, माझं नुकतं लग्न झालेलं. हे एकलहऱ्याला वीज केंद्रात नोकरीला, आम्ही तिथंच कॉलनीत, वरच्या मजल्यावर, एका खोलीत. ड्युटीवरून आले की चहाच्या आधी ह्यांच्या हातात रंधा. पाट, पोळपाट, शेजारच्या पोरांना गाड्या... माणूस बोलायला कमी, पण लाकूड तासताना गुणगुणायचा.

मग गावाकडं आंब्यावरून पडले. हाड जुळलं, पण डाव्या हाताची मूठ वळेना. नोकरीत बसून करायचं काम मिळालं, ते निभावलं. घरी मात्र लाकूड धरायला दुसरा हातच राहिला नाही.

सासरे म्हणाले, "हाताचं काय घेऊन बसलास? पायात धर की! आपले सुतार काय हातात धरतात?" ह्यांनी धरलं. अहो, सुतार जमिनीवर बसून पायाच्या अंगठ्यात फळी दाबतो ते लहानपणापासूनचं वळण असतं, एका दिवसात येतं होय? पटाशी सटकली ती अंगठ्यात.

त्या दिवशी ह्यांनी सगळी हत्यारं गोणीत भरली आणि माळ्यावर टाकली. गुणगुणणं बंद. घरातला रेडिओ बिघडावा तसं झालं... आणि तो दुरुस्त कुणाकडं न्यायचा?

मला कुणीतरी सांगितलं, लाकूड आवळून धरणारे घडीचे बाक मिळतात. ह्यांना न सांगता एकटी गेले, नाशिकला रविवार कारंजाजवळच्या एका दुकानात. दुकानदारानं इंग्रजी कागद पुढं केला. मी दुसरीपर्यंत शिकलेली, कागद बाजूला सारला. मला वाचायचं नव्हतं, आवळून बघायचं होतं.

आधी त्यानं लोखंडी शिकंजा दाखवला, टेबलाला बोल्टनं पक्का करायचा. "जन्मभर टिकेल, ताई." टिकेल हो, पण ठोकू कुठं, स्टोव्हवर? जिथं लाकूड तासायचं तिथंच आमचं जेवण आणि तिथंच अंथरूण.

मग एक घडीचा बाक काढला. दिसायला छान, हलका. गुडघ्यानं जरा रेटला तर नाचायलाच लागला. ह्याच्यावर रंधा मारला असता तर बाक पुढं आणि माणूस मागं...

कोपऱ्यात आणखी एक होता, जरा जड. वर दोन फळ्या, दोन टोकांची दोन हँडलं फिरवली की त्या जवळ यायच्या. मी डावा हात पदराखाली कमरेशी खोचला आणि एका हातानं घडी उघडली. खालच्या पट्टीवर पाय ठेवला, पिशवीतून लाटणं काढलं, फळ्यांच्या मधे घातलं. गोल वस्तू धरली तर सपाट धरणारच. आधी एक हँडल आवळलं, मग दुसरं. लाटणं ओढून पाहिलं, पिळून पाहिलं... हललं नाही.

दुकानातली गिऱ्हाइकं हसायला लागली, दुकानदारही. एक म्हणाला, "मावशी, पोळ्या इथंच लाटणार का?" म्हटलं, "तू पीठ मळून आण, लाटते." मी तेव्हा विशीतली, आणि हा मला मावशी म्हणतो!

मग घडी केली, उजव्या हातात उचलला आणि निघाले बाहेर. दुकानदार मागं पळत आला, "अहो बाई, कुठं निघालात?" म्हटलं, "जिना बघायला." शेजारच्या इमारतीचा जिना बाक घेऊन चढले, उतरले. एका हातानं. आम्हाला वरचा मजला होता ना...

परत आले तर दुकानदार हसत नव्हता. "डावा हात दुखतो का तुमचा?" म्हणाला. "माझा नाही," एवढंच म्हटलं.

त्यानं पैसे घेतले. हँडलांच्या दोन्ही स्क्रूंना तेल घातलं आणि बसपर्यंत बाक स्वतः आणून दिला.

घरी खोलीच्या मधोमध मांडून ठेवला, लाटणं तसंच आवळलेलं. हे आले, पाहिलं. हँडल फिरवलं, लाटणं सुटलं... पुन्हा आवळलं. मग म्हणाले, "माळ्यावरची गोणी काढ." चहा गार झाला त्या दिवशी, आणि मी मुद्दाम गरम केला नाही. गुणगुणणं ऐकत बसले होते.

आता हे रिटायर झालेत. दिवसभर गॅलरीत बसून समोरची भिंत बघतात. परवा तुझा फोटो दाखवला. ह्यांनी बोटानं मोठा केला आणि म्हणाले, "उजवा स्क्रू गंजलाय. तेल दिलं तर फिरेल." एवढंच... मग फोन किती वेळ खाली ठेवला नाही.

सचिन, कुंड्या जमिनीवर पण वाढतात. रविवारपर्यंत सांग, तू बाक आणून देतोस का मी येऊ? नाही कळवलंस तर सोमवारी सकाळी मी कळवणच्या गाडीत बसलेय असं समज. उचलायला माणूस शोधू नकोस... मला एक हात पुरतो.