गाडीला गोडं पाणी

आमच्या नातीच्या फोनवर दर दोन-चार महिन्यांनी अँबॅसिडर पुन्हा जन्माला येते. कधी विजेवर चालणारी, कधी छपराला काच लावलेली, डोळे बारीक करून बघणारी. खरी कुठेच नसते. कुणीतरी हौशीनं काढलेली चित्रं असतात, आणि खाली लोक लिहितात की ही परत आली तर घरदार विकून घेऊ. नात हे सगळं आजोबांना वाचून दाखवते, कारण त्यांना आता दिसत नाही. ते पडल्या पडल्या ऐकतात आणि म्हणतात, "नवी कशाला? आपली आहे ना शेडमध्ये."

आहे. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, आत पांढरी अँबॅसिडर. ह्यांचे डोळे गेले तेव्हापासून उभी आहे.

शिमग्याच्या सुमारास ह्यांना इस्पितळातून घरी पाठवलं. डॉक्टर सज्जन. माझ्याशी बोलताना टेबलावरच्या पेनकडे बघत होता. "पावसाळा निघाला तर पुढचं बघू," म्हणाला. मी घरी येऊन हे वाक्य गिळलं, पण ह्यांना काय ते कळलं असणार. कारण त्या दिवसापासून एकच हट्ट. गाडी सुरू करायची, पुढच्या सीटवर बसायचं, मिरकरवाड्याच्या उतारापर्यंत जाऊन परत यायचं. काशी नाही, गंगा नाही, मुलांना बोलवा नाही. मिरकरवाड्याचा उतार.

त्याचं असं की मिरकरवाड्याच्या बंदरावर ह्यांचा बर्फाचा कारखाना होता. रोज गाडीनं जायचे, पण गाडी बंदरात कधी उतरवली नाही. तिथला रस्ता मासळीच्या टेम्पोंतून गळणाऱ्या खाऱ्या पाण्यानं कायम ओला. म्हणून गाडी उताराच्या डोक्यावर लावायची आणि छत्री घेऊन पायी खाली जायचं. खलाशी हसायचे. "शेट, गाडीला सर्दी होते काय?" हे म्हणायचे, "सर्दी बरी होते. गंज बरा होत नाही."

तर अशा माणसानं गाडी धुवायचं काम सोपवलं माझ्यावर.

मी तेव्हा अठ्ठावीस-तीसची. ती तेव्हाची बाई आज वाटेत भेटली तर मी दुसऱ्या अंगानं निघून जाईन. गाडी धुवायला ती ठेवणीतली साडी नेसायची. आम्ही खाडीकाठचे, वाडीतली वाट आमच्या अंगणावरूनच जाते, आणि बायका कोलीम, म्हणजे बारीक जवळा, आणायला निघाल्या की नेमकी तेव्हाच हिला बॉनेट पुसायची आठवण व्हायची. कुणी विचारलं, "काय गो, रोज धुतेस?" तर मानेला झटका देऊन म्हणायची, "काय करणार, पांढरी आहे ना." जशी काही गाडीबरोबर हीसुद्धा कारखान्यातून रंगवून आली होती. बम्परमध्ये तोंड बघायची. बम्परमध्ये नाक भोपळ्याएवढं दिसतं, तरी बघायची.

ह्यांची अट एकच होती, पाणी वरच्या विहिरीचं. आमची परसातली विहीर दहा पावलांवर, पण होळी झाली की तिचं पाणी मचूळ होतं. खाडीचं पाणी झिरपतं आत. त्या पाण्यात डाळ शिजत नाही. म्हणून वापरायचं पाणी खालचं, आणि प्यायचं वरच्या वाडीतून, पाखाडीच्या चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून. गाडीसाठी दोन हंडे जास्त.

ती शहाणी पहिले चार दिवस चढली. पाचव्या दिवशी तिनं विचार केला की गाडीला काय डाळीसारखं शिजायचंय? आणि परसातल्या विहिरीत पोहरा सोडला.

इथपर्यंत आळस म्हणून सोडून देता येईल. पुढची अक्कल मात्र खास तिची. स्वयंपाकघरातले दोन हंडे ती बाहेरून ओले करायची आणि चाकाशेजारी मांडून ठेवायची. हे घरी आले की हंडे बघायचे, गाडीवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "दमलीस ना?" आणि ती भवानी कमरेवर हात ठेवून म्हणायची, "थोडीशी."

अशी वर्षं गेली. किती ते मोजत नाही. पुढे वाडीत नळ आला, वरची विहीर बुजवून तिथे समाजमंदिराचा ओटा बांधला, आणि हे सगळं मी विसरूनही गेले होते.

नातीनं ओळखी काढून वैशाखात कोल्हापुराहून एक कारागीर आणला. जुन्या गाड्या नव्या करणारा. आंबा घाट उतरून आला तोच पाणी न पिता शेडमध्ये शिरला. गाडी बघून त्याचा चेहरा खुलला. "आज्जी, ह्यो आकार आता कुणाच्या बापाला जमणार न्हाई. पोरं हिच्या फोटूचं मुकं घेत्यात." दरवाज्यावर टिचकी मारली. मग सतरंजी टाकून खाली सरकला.

ओटीवरून ह्यांचा आवाज आला. "नीट बघा हो. बंदरात कधी उतरवलेली नाही. खाऱ्या वाऱ्याला पाठ करून उभी केलीय."

गाडीखालून आधी टकटक ऐकू आली. मग आवाज बदलला. सुकलेल्या पोह्याच्या पापडात बोट जावं तसा. पुन्हा तसाच. पुन्हा. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत, भुवयांवर तांबडा भुगा होता. हातात स्क्रू ड्रायव्हर होता, तो दांड्यापर्यंत तांबडा.

माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आज्जी, हिला खाली पत्रा न्हाईच. वरचा रंग हाय म्हणून उभी हाय. उचलाय गेलो तर मधनं मोडंल." मग आणखी हळू, "खारं पाणी लागलंय. वाऱ्यानं असं व्हत न्हाई." मग न राहवून मोठ्यानं, "कुनी धुतली ही?"

मी काही बोलायच्या आत ओटीवरून उत्तर गेलं. "आमची मंडळी धुवायची. रोज. वरच्या विहिरीच्या गोड्या पाण्यानं. चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून आणायची. म्हणून तर टिकली."

कारागिरानं माझ्याकडे बघितलं. चांगला माणूस, भुवयांवरचा भुगा पुसायला लागला. स्टेअरिंग आणि दोन दिवे दिलेत तर दुसऱ्या एका गाडीला लावीन म्हणाला, ती तरी चालेल. मी म्हटलं, आत्ता नको. मागून ने. मागून म्हणजे केव्हा ते त्याला कळलं, मान हलवून गेला.

"काय म्हणाला?" ह्यांनी विचारलं.

नात पटकन म्हणाली, "नेतो म्हणाला, आजोबा. पावसाळा निघाला की."

ह्यांनी बोटांवर महिने मोजले. आश्विनापर्यंत आले आणि हात पोटावर ठेवून दिला.

नात पुण्याला परत गेल्यावर मला राहवेना. मी खाटेशेजारी बसले आणि सगळं सांगितलं. परसातली विहीर, पोहरा, मचूळ पाणी. म्हटलं, "गाडी मी मारली. चालू होणार नाही ती. कधीच नाही."

ह्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग त्यांचं पोट हलायला लागलं. हसत होते.

"आता थट्टासुद्धा धड करता येत नाही तुला," म्हणाले. "जन्मभर मला बनवलंस. मीठ घालून चहा दिलास, मेव्हणा आला सांगून दुपारी झोपेतून उठवलंस. पण हे जमायचं नाही. डोळे आत्ता गेलेत माझे, तेव्हा होते. ओले हंडे मी रोज बघत होतो."

"ते हंडे मी मुद्दाम..."

"पुरे गो. दमलीस तेवढी. त्या चार पायऱ्या कमी चढली असतीस तर गुडघे राहिले असते."

गुडघे माझे आईकडून आलेत. पण हेही आता कोण ऐकणार?

ज्येष्ठ लागला. ह्यांचं जेवण पेजेवर आलं, नंतर पेजेच्या वरच्या पाण्यावर. बोलणं कमी झालं, पण सकाळी एकदा विचारतात, "धुतलीस? माणसं न्यायला येतील. घाण दिसता कामा नये."

मग मी नळाला पाइप लावते आणि शेडमध्ये नेते. पाणी आता गोडं आहे, हवं तेवढं आहे, आणि एकही पायरी चढावी लागत नाही. फडका जोरानं फिरवायची सोय नाही, दाराखालचा पत्रा फडक्याबरोबर हातात येतो. नुसतं पाणी सोडते. खालून तांबडं पाणी निघतं आणि अंगणातल्या तांबड्या मातीत जातं.

त्यांना आवाज ऐकू जातो. "वरच्या विहिरीचं ना?"

"हो."

"किती हंडे?"

"दोन," मी म्हणते, आणि स्वयंपाकघरातून दोन हंडे आणून, ओले करून, चाकाशेजारी ठेवते.