बॉयलर फुटला, सही मात्र केली नाही

गेल्या रविवारी लातूरमध्ये मी भर गेटसमोर चूल मांडली... आणि ती का मांडली, ते सांगायलाच ही पोस्ट.

लेकीच्या नीट परीक्षेच्या तयारीसाठी मी नायगावहून येऊन इथे खोली घेऊन राहतेय. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्या अशाच... पोरी क्लासला, आया स्वयंपाकाला आणि नवरे तिकडे गावाकडे पोळ्या करपवत.

ऐन थंडीत गच्चीवरचा बॉयलर फुटला. मिस्त्रीने उघडून सगळ्यांसमोर सांगितलं, बोअरच्या खाऱ्या पाण्याने टाकी आतून सडलीय, आता नवाच बसवावा लागेल.

दुसऱ्याच दिवशी घरमालक काका खोलीखोलीत एक कागद घेऊन फिरले. 'आमच्या निष्काळजीपणामुळे बॉयलर फुटला, नव्याचा खर्च आमच्या डिपॉझिटमधून कापावा.' सही नाही केली तर महिनाअखेर खोली रिकामी करायची.

वर आम्हालाच ऐकवलं, "भूकंपात तडा न्हाई गेला ह्या बिल्डिंगला, अन् तुमच्या पोरींनी बॉयलर फोडला!"

परीक्षेच्या तोंडावर दुसरी खोली कुठून मिळणार? शेजारच्या खोलीतल्या, हिमायतनगरच्या रेखाताईंनी घाबरून सही करून टाकली. माझी लेकही रडवेली झाली, "कर ना गं सही, आई. रूम गेली तर?"

खरं सांगते, मीही पेन उचललं होतं... पण न केलेली चूक लिहून द्यायची? मी काकांना म्हटलं, मिस्त्री काय म्हणाला ते लेखी आणा, नव्या बॉयलरचं पक्कं बिल दाखवा, मग बोलू. काका तणतणत निघून गेले.

तोवर पोरींना आंघोळीला पाणी हवंच. मी गच्चीवर तीन विटा मांडून मोठ्या पातेल्यात तापवायला लागले.

मग डोक्यात आलं... रविवारी पुढच्या वर्षासाठी खोल्या बघायला पालक येतात. (इथे दहावीचा पेपर व्हायच्या आत खोली बुक होते!) आणि गेटवर तर पाटीच आहे, 'चोवीस तास गरम पाणी'. उचलल्या विटा आणि त्या पाटीखाली चूल मांडली.

लेक लाजेने खिडकी लावून बसली. काका धावत आले. "ताई, हे काय करून राहिलात? लोक येऊन राहिलेत ना!"

"पाणी तापवून राहिले, काका. पोरींनी आंघोळ न्हाई का करायची?"

माहूरहून आलेलं एक जोडपं थांबलं, खोली कशी आहे विचारू लागलं. मी म्हटलं, "खोली लई चांगली हाय. पाण्याचं तेवढं मालकांना विचारा." काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

धुराने माझे डोळे नुसते वाहत होते. तेवढ्यात कुणीतरी शेजारी येऊन बसलं आणि हातातल्या टेस्ट पेपरने चुलीला वारा घालू लागलं... माझी लेक! अख्ख्या गल्लीसमोर. तिच्यामागून बाकीच्या पोरी आल्या, आया आल्या, रेखाताईसुद्धा आल्या.

मंगळवारी नवा बॉयलर बसला, बिल काकांच्या नावावर. रेखाताईंनी आपला सही केलेला कागद काकांकडून मागून घेतला आणि त्यांच्यासमोरच फाडला. खोली रिकामी करायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

लेकीला डॉक्टर करायला लातूरला आणलंय मी. होईल तेव्हा होईल... पण उद्या कुणी तिच्यापुढे असला कागद सरकवला, तर ती आधी तो नीट वाचेल आणि मग तोंडावर नाही म्हणेल, एवढी माझी खात्री झाली.