खताच्या पोत्यांची खोळ

पावसात भातलावणीला जाताना माझी बायको खताच्या पोत्यांची खोळ डोक्यावरून घ्यायची. ती तिने स्वतः दाभणाने शिवली होती. ती शिवत असताना मी ओरडायचो, "एवढे जवळजवळ टाके कशाला? लग्नात नेसायची आहे?" ती ऐकायची नाही. ती गेली आणि खोळ पडवीतल्या खुंटीवर राहिली.

मग एक शिकलेली मुलगी आमच्या सर्वण गावात जुनं प्लास्टिक शोधत आली. म्हणाली, "आजोबा, ही कला आहे. प्रदर्शनात लावते, नंतर परत देते." मी चौथीपर्यंत शिकलेला, मला कला काय कळणार? पण बायकोचं काम लोक बघतील म्हणून दिली.

पणजीला प्रदर्शनात जाऊन बघतो तर खोळ भिंतीवर चादरीसारखी सपाट पसरलेली. डोक्याची शिवण सगळी उसवलेली!

"बाय, हे काय केलंस?"

"उलगडल्याशिवाय प्लास्टिक नीट दिसत नव्हतं, आजोबा."

"अगो, नुसतं प्लास्टिक बघायचं तर खताच्या दुकानात जा! तिचं काम ती शिवण होती."

ती रडवेली झाली. म्हणाली, मी शिवून देते. मी म्हटलं, आता हात लावू नकोस. सगळ्यांसमोर खोळ काढायला लावली आणि बसने घरी आणली.

दाभण घेऊन बसलो. प्लास्टिकला पडलेली भोकं बुजत नाहीत, बायकोच्या टाक्यांची सगळी होती तशीच होती. त्यांतूनच सुतळी ओवत गेलो. एवढे जवळजवळ टाके, अख्खी दुपार गेली. एकही सोडला नाही.