मागच्या गेटची बोलणी

मी बरीच वर्षं आमच्या सोसायटीचा अध्यक्ष होतो. दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणून झालो. बिल्डिंग विरारहून आगाशीला जाणाऱ्या रस्त्यावर. पूर्वी इथे केळीची वाडी होती आणि मागच्या गावातली ख्रिस्ती मंडळी त्या वाडीतून चर्चला जात. वाडी गेली, पायवाट राहिली. मागच्या गेटातून आत, पार्किंगमधून पुढच्या गेटाने बाहेर. आमच्या सभासदांना हे भारी खुपायचं. "पब्लिक रस्ता आहे का हा?" पब्लिक म्हणजे सकाळी मिस्साला जाणाऱ्या चार म्हाताऱ्या.

गेट कायमचं बंद करायचं घाटत होतं, तेव्हा गावाने बोलणी करायला माणूस पाठवला. रिटायर्ड मास्तर. त्या म्हाताऱ्यांत त्यांची आई होती, हातात काठी, कमरेत वाकलेली. गेट बंद झालं तर तिला डंपरच्या रस्त्याने वळसा पडणार होता.

"त्या रस्त्यानं आई एकदाच जाईल," मास्तर म्हणाले. आज ढगाळ आहे, असं सांगावं तसं.

मी ठराव मांडला की गावाशी बोलणी पूर्ण होईपर्यंत गेट उघडं ठेवावं. त्यातली गंमत माझ्या डोक्यात नंतर शिरली, मास्तरांच्या लगेच. पहिल्याच बैठकीत ते जिन्याखालच्या ऑफिसात हात मोडलेल्या खुर्चीत बसले. ती बाहेरच्यांसाठी ठेवलेली असायची.

"घाई नाही, अध्यक्ष," ते म्हणाले. "आधी चहा मागवा."

मग दर महिन्याला बैठक. गेट किती वाजता उघडायचं, कुलूप कोणी लावायचं, सायकल चालेल का. एकदा चुकून सगळंच जुळलं. आम्ही दोघंही घाबरलो. शेवटी मी कडीचा प्रश्न काढला, आतून की बाहेरून, आणि घोडं तिथे अडलं. त्यावर अख्खा पावसाळा निघाला.

बैठक संपली की मास्तर वर घरी यायचे. "तुमचे राजदूत आले," बायको आतून ओरडायची आणि त्यांच्यासाठी बोंबील जास्तीचे तळायची. ते सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आणायचे. ही लाच नव्हे, असं दर वेळी बजावायचे. मला राग लवकर येतो. एकदा माझा पारा चढला आणि मी विचारलं, "तुमच्या गावाला अक्कल आहे का?" मास्तरांनी शांतपणे चष्मा पुसला. "हे इतिवृत्तात घ्यायचं का?" म्हणाले. इतका जवळचा मित्र मला नोकरीतल्या सगळ्या वर्षांत मिळाला नव्हता.

मग मी निवडणूक हरलो. चौथ्या मजल्यावरचा कॉम्प्युटरवाला मुलगा अध्यक्ष झाला. त्याच महिन्यात मास्तर झोपेत गेले. मला रडू आलं नाही, संताप आला. बोलणी अर्धवट टाकून असं जायचं असतं का? कडीचं काय?

नव्या अध्यक्षाने मला लिफ्टपाशी गाठलं. "काका, त्यांचा बोलणारा माणूसच गेला, म्हणजे बोलणी पूर्ण. रविवारी वेल्डर येतोय." मुलगा वाईट नाही. फक्त त्याला कामं संपवायची सवय आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या गेटापाशी उभा राहिलो. मास्तरांची आई आली. माझ्यासमोर थांबली, काठी दोन्ही हातांनी धरली.

"पोर गेला माझा," ती म्हणाली. "आता आमच्या बाजूनं कोण बोलेल?"

उत्तरासाठी ती थांबली नाही, तिला मिस्साला उशीर होत होता. पार्किंगमधून तिला पलीकडे पोचायला फार वेळ लागला. ती पुढच्या गेटाबाहेर पडेपर्यंत मी जागचा हललो नाही. मग गावात गेलो आणि विचारलं. लोकांनी एकमेकांकडे बघितलं आणि हो म्हणाले. तिथेही दुसरं कोणी तयार नव्हतं.

रविवारी ऑफिसात गेलो. बाहेर वेल्डर मशीन घेऊन उभा होता. मी ती हात मोडलेली खुर्ची ओढली.

"अहो काका, तिथे नका बसू. ती बाहेरच्यांची."

"माहितीये," मी म्हणालो. "मला गावाने पाठवलंय."

पोराने वेल्डरकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग माझ्याकडे.

"बरं, बोला. पण पटकन."

"घाई नाही, अध्यक्ष," मी म्हणालो. "आधी चहा मागवा."