गच्चीवरची ज्वारी

आप्पांचा डोळा पिकला तेव्हा मी उस्मानपुऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढायचा नाही, असा तेव्हा डॉक्टरांचा नियम होता आणि माझ्या वडिलांना तो फार पटला होता. "पिकल्याबिगर काढणी कोण करतं?" असं म्हणत ते भाद्रपदाच्या शेवटी माझ्या थोरल्या भावाबरोबर लासूर स्टेशनहून गाडीनं आले. ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून डॉक्टरांनी बजावलं : वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही. चष्मा तीन महिन्यांनी मिळेल. तोवर शेतात पाऊल टाकलंत तर डोळा गेला म्हणून समजा.

दुसरा डोळा आधीच अधू होता. म्हणजे होतं-नव्हतं ते सगळं या एका डोळ्यावर.

अडचण अशी, की आप्पा जुन्या वळणाचे. लेकीच्या घरी बापानं पाणीसुद्धा पिऊ नये, अशा मताचे. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. तेवढ्यात ते दोनदा आले आणि दोन्ही वेळा संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. आता तीन महिने! पट्टी बांधून घरी आणल्यावर चौथ्याच दिवशी त्यांनी सुरू केलं, "पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई."

"तुमची आधीच गेलीय, राहा आता," मी म्हणाले. माझा राग कायम नाकावर, आणि तो मला त्यांच्याकडूनच मिळालेला.

"तसं नाय गं माय. पर हितं मोसमच नाय. पंखा लावला का उन्हाळा, बंद केला का हिवाळा. माणसानं कशावर दिवस काढायचे?"

हे मात्र मला लागलं. मी काय बिनमोसमाच्या गावात राहते? दुसऱ्या दिवशी मी दौलताबादहून आलेल्या सीताफळांची पाटीच्या पाटी घेतली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. आप्पांनी एकेक फळ हातात घेऊन डोळे दाबून पाहिले, म्हणजे फळाचे. तीन ढीग लावले : आजचे, उद्याचे, परवाचे. एकही चुकला नाही. घरमालक चाचा खालून बघायला आले आणि आजच्या ढिगातली चार खाऊन गेले.

हे चाचा टपाल खात्यातून निवृत्त झालेले. आप्पा निजामाच्या राज्यात चौथीपर्यंत उर्दूत शिकलेले. पट्टीमुळे आप्पांना वाचता येईना, तेव्हा चाचा रोज सकाळी उर्दू पेपर घेऊन वर यायचे आणि मोठ्यानं वाचून दाखवायचे. आप्पा मधूनमधून त्यांचे उच्चार दुरुस्त करायचे. चाचींच्या मते त्यांच्या नवऱ्याला इतकी वर्षं कुणी गप्प करू शकलं नव्हतं, ते पाटलांनी, म्हणजे आप्पांनी, केलं.

तरी आप्पांचं मन शेतात. हस्त लागला होता, रब्बीच्या ज्वारीची पेरणी आली होती. भाऊ खुशाली घ्यायला आला की ते इथून, उंटावरून शेळ्या हाकल्यासारखे, त्याला वाफसा कसा बघायचा ते शिकवायचे. शेवटी एकदा म्हणाले, "पुढच्या बारीला शेतातली माती आण पोतंभर. आन् मूठभर बी."

भाऊ खरंच घेऊन आला. गाडीत लोकांनी विचारलं, पोत्यात काय? तो म्हणाला, माती. कुणाचा विश्वास बसला नाही, दोघांनी पोत्यात हात घालून बघितलं.

आमच्या खोल्यांपुढे उघडी गच्ची होती. आप्पांनी माझ्या नवऱ्याकडून तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा वरून कापून घेतला, त्यात माती भरायला लावली, आणि कठड्यावर ठेवलेल्या त्या डब्यात उभ्यानंच, बोटानं भोक करत पाच दाणे टोबले. मग जाहीर केलं, "आता ह्याला कुणी पाणी घालायचं नाय. आपली ज्वारी कोरडवाहू. जे शेताला भेटतं तेच हिला भेटंल. ही जोमात, तोवर शेत जोमात, तोवर मी हितं. ही वाळली का मी निघालो."

पण पेरल्यावर पावसानं एक शिंतोडा दिला आणि मग चित्रेचं ऊन असं तापलं की गच्चीवर अनवाणी चालवेना. पत्र्याच्या डब्यात कसली ओल टिकते! पाच कोंब बोटभर वर आले आणि तिसऱ्या दुपारी माना टाकायला लागले.

मी काय केलं असेल? आप्पा दुपारी झोपले की तांब्याभर पाणी.

ज्वारी तरारली. आप्पा रोज सकाळी कठड्याशी जाऊन पानांवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "गावाकडं बेस हाय." मीही म्हणायचे, "व्हय, दिसतंयच." आणि तोंड वळवून हसायचे.

त्या दिवसांत शहर कसं बदलत होतं ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं, कारण मला ते कुणाला तरी सांगावं लागत होतं. संध्याकाळी पाखरं कधी परततात, सहाला की पावणेसहाला. समोरच्यांनी माठ कधी आत नेला. दिवाळीच्या आधी पिंजारी आला आणि चाचांच्या गाद्या गच्चीवर उसवून बसला. त्याच्या धनुकलीच्या आवाजावर आप्पा आत खोलीत मान डोलावत होते. कापूस उडत होता म्हणून मी त्यांना बाहेर येऊ दिलं नव्हतं. छावणीच्या गुरुवारच्या बाजाराला मी धुळीपायी नेलं नाही म्हणून ते दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीचं पाणी बाहेर काढलं तर वाफ दिसली. मी सांगितलं. "थंडी आली म्हन की मग," असं म्हणून रुसवा गेला. मला त्या सकाळी फार आनंद झाला, अगदी बक्षीस मिळाल्यासारखा.

आणि मग ज्वारी पिवळी पडली.

पट्टी तोवर निघाली होती. बिनचष्म्याच्या डोळ्याला धूसर का होईना, रंग कळत होते. आप्पा खुर्चीतूनच डब्याकडे बराच वेळ बघत राहिले. उठले नाहीत, हात लावला नाही. दुपारी मी खोलीत गेले तर त्यांनी आपलं धोतर, पैरण, कंगवा असं सगळं गाठोड्यात बांधलं होतं.

"उद्याच्या गाडीनं जातो बाई."

"डोळ्याचं काय? चष्म्याला अजून महिना आहे!"

"जेवढं दिसतंय तेवढं रग्गड झालं. बोललो व्हतो ना? वाळली का निघालो."

मग माझा तोल गेला. मी ओरडले, अगदी खाली ऐकू जाईल असं ओरडले. म्हटलं, "वाळेलच कशी? रोज दुपारी मी तांब्या तांब्या पाणी ओततेय तिच्यात! तुमचं शेत गेलं खड्ड्यात, तुम्ही राहावं म्हणून!"

माझा नवरा नेमका जेवायला आला होता. तो दारातच थबकला. म्हणाला, "तू दुपारी घालतेस? मी सकाळी कामावर जाताना घालतो."

जिन्यात पावलं वाजली. माझा आवाज ऐकून चाचा धापा टाकत वर आले होते, आणि त्यांच्या हातात तोटीचा लोटा, त्यांचा बधना होता. "पाटील साब, माफ करना," ते म्हणाले. "शाम को मग़रिब की नमाज़ के बाद मैं भी थोड़ा डालतूं. सूख गई तो आप चले जाते, फिर पेपर किसको सुनाऊं?"

मी आप्पांचा हात धरला, कठड्यापाशी नेलं आणि त्यांचं बोट डब्यात खुपसलं. दोन पेरं चिखलात गेली. डब्याला खाली भोकच नव्हतं. आप्पांनी पाडायला सांगितलं होतं, पण चांगला डबा, पुढं पिठाला होईल, म्हणून माझ्या नवऱ्यानं पाडलं नव्हतं. अति तिथं माती म्हणतात, आम्ही मातीतही अति केलं होतं.

आप्पा हसायला लागले. डॉक्टरांनी डोक्याला हिसका द्यायचा नाही म्हणून सांगितलेलं, त्यामुळे दोन्ही हातांनी डोकं धरून हसत होते. "कोरडवाहू ज्वारी बुडवून मारली रे! तिघांनी मिळून!"

हसणं ओसरल्यावर ते खुर्चीत बसले. म्हणाले, "पाणी पडतंय हे मला पहिल्यापास्नं ठावं व्हतं. पत्र्याच्या डब्यात, ह्या उन्हात, चार दिस तरी जगली असती का? म्हन्लं, लेकीला वाटतंय बापानं ऱ्हावं. म्हून गप बसलो."

"मग गाठोडं का बांधलं?"

ते म्हणाले, "पिवळी दिसली. वाटलं, पाणी बंद झालं."

मी आत जाऊन गाठोडं सोडलं आणि धोतर दोरीवर टाकलं, धुतलेलंच होतं तरी.

नवऱ्यानं खिळा ठोकून डब्याला भोक पाडलं. तीन ताटं गेली, दोन वाचली. पौषात भाऊ शेतातून हुरड्याची कणसं घेऊन आला. गच्चीवर शेगडी पेटवली, चाचींनी गाजराचा हलवा पाठवला, आणि आप्पांनी नवा, जाड भिंगांचा चष्मा लावून गरम कणसं तळहातावर चोळली. डब्यातल्या ज्वारीला एकच कणीस आलं होतं, अंगठ्याएवढं. त्याचे दाणे त्यांनी मोजून वाटले, चाचांना दोन जास्त दिले. संक्रांत करून ते गेले, तेव्हा रिक्षात बसेपर्यंत माझ्याकडे चष्म्यातून टक लावून बघत होते. "तू लई वाळलीस की गं," एवढंच म्हणाले.

पुढच्या वर्षी हस्त सरता सरता एका सकाळी दार वाजलं. दारात आप्पा. एकटेच, खांद्यावर छोटं पोतं.

"आप्पा, डोळ्याला काय झालं?"

"डोळ्याला काय व्हायचंय?" पोतं खाली ठेवत ते म्हणाले. "शेतातली पेरणी उरकली. हितली ऱ्हायली व्हती."

आणि चपला काढून, पाण्याचा तांब्या माझ्या हातातून घेऊन घटाघटा पिऊन, डबा कुठं ठेवलाय म्हणून विचारत ते गच्चीवर गेले.